घरातून बाहेर काढलंय? खानदेशातल्या एलजीबीटीक्यू तरुणांसाठी आजच्या रात्रीचा निवारा

घरी कळलं, बॅग दाराबाहेर आली आणि रात्री दहा वाजता तुम्ही भुसावळ किंवा जळगाव स्टेशनच्या बाकावर बसलेले आहात. "आते कोठे जाऊ?" समोर मुंबईची गाडी उभी असते आणि तीच वाट सोपी वाटते. पण अनोळखी शहरात पहिली रात्र फलाटावर काढण्यापेक्षा आपल्याच जिल्ह्यात कुठे थांबता येईल, ते आधी बघा.

पहिला प्रश्न वयाचा. १८ पूर्ण नसतील तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. स्टेशनवर असाल तर रेल्वे पोलिसांकडे गेलात तरी चालतं. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत तुम्हाला बालकल्याण समितीपुढे नेलं जातं आणि राहण्याची व्यवस्था समिती ठरवते. समिती सहसा आईवडिलांना बोलावते, म्हणून तिथे गप्प बसू नका. समलिंगी किंवा ट्रान्स आहात हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मारहाण झाली, कोंडून ठेवलं, लग्न लावायला निघाले, हे मात्र स्पष्ट सांगा. मुलाचं म्हणणं ऐकून घेणं समितीवर बंधनकारक आहे.

१८ वर्षांवरच्या मुलींनी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन लावावा किंवा थेट सखी वन स्टॉप सेंटर गाठावं. हे केंद्र रुग्णालयाच्या आवारात किंवा जवळपास असतं. सिव्हिलमध्ये विचारलं तर पत्ता मिळतो. घरातल्या हिंसेतून बाहेर पडलेल्या स्त्रीला तिथे साधारण पाच दिवस राहता येतं. पोलीस आणि वकिलाची मदतही तिथूनच मिळते.

सज्ञान मुलगे आणि ट्रान्स व्यक्तींसाठी महापालिका किंवा नगरपालिकेचं बेघर निवारा केंद्र आहे. पत्ता पालिकेत मिळेल. रात्री ११२ या तातडीच्या मदतीच्या नंबरवर विचारा. रजिस्टरमध्ये 'बेघर' एवढीच नोंद पुरते, घर का सुटलं याचा खुलासा द्यायची गरज नाही. अडचण ट्रान्स व्यक्तींची होते, कारण पुरुषांची खोली वेगळी आणि बायकांची वेगळी. तुम्हाला कुठे सुरक्षित वाटेल ते आधीच सांगा. प्रवेश नाकारला तर २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याचं कलम ३ दाखवा. सार्वजनिक सोयीत आणि निवासात भेदभाव करायला त्यात मनाई आहे. सकाळी आयुक्तांच्या (नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांच्या) नावे लेखी अर्ज द्या आणि आवकचा शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. तोंडी तक्रारीचं पुढे काहीच होत नाही.

गरिमा गृह हे फक्त ट्रान्स व्यक्तींसाठीचं केंद्र सरकारचं निवासगृह. मुक्काम, जेवण, औषधोपचार आणि कौशल्य प्रशिक्षण तिथे मिळतं. मुंबईत ते आहे, पण आज रात्री दार वाजवलं की प्रवेश मिळेल असं धरून निघू नका. आधी फोन करून जागा आहे का विचारा आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर ओळखपत्राचा अर्ज भरून ठेवा. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो.

कागद घरीच राहिले असतील तर घाबरू नका. मोबाइल नंबर आधारला जोडलेला असेल तर ई-आधार काढता येतं आणि डिजिलॉकर या सरकारी ॲपमधून दहावी-बारावीचं गुणपत्रकही. नंबर वडिलांचा असेल तर आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. हे पहिल्याच आठवड्यात करा. पुढची प्रत्येक नोंदणी त्यावर अडते.

आणि एक गोष्ट नेहमी विसरली जाते. घरचे 'हरवल्याची' तक्रार देतात आणि पोलीस शोधत येतात. तुम्ही सज्ञान असाल तर जवळच्या ठाण्यात जाऊन, स्वखुशीने बाहेर पडलो आहे, घरी जायचं नाही, असा जबाब लिहून द्या. सोबत वकील असला तर बरं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळू शकतो, नंबर १५१००. ११ मार्च २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने न्यायालयांना बजावलं आहे की अशा प्रकरणात समुपदेशनाच्या नावाखाली कुणाची लैंगिक ओळख बदलायचा प्रयत्न करू नये. ठाण्यात "आधी घरच्यांशी बोला" असा आग्रह झाला, तर वकिलाला याच निकालाची आठवण करून द्यायला सांगा.