कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातीचे पैसे : प्रकरण इथपर्यंत आलं कसं

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची हल्ली कुठलीही बातमी उघडा, त्यात मॅच कमी आणि पैसा जास्त असतो. कोण किती डॉलरला कुठल्या कॉलेजात गेला, कोणाचं डील फिसकटलं, कुठल्या राज्याने कोणावर केस टाकली. आणि मग ठरलेला सूर, की २०२१ ला पोरांना जाहिराती करायची परवानगी दिली आणि पैशाने खेळ नासवला. मला हे अजिबात पटत नाही. पैसा तिथे पहिल्यापासून होता, फक्त खेळणाऱ्याच्या हातात नव्हता, बाकी सगळ्यांच्या हातात होता, आणि आज जो गोंधळ दिसतोय तो बराचसा शंभरएक वर्षांच्या टाळाटाळीतून आलाय.

पहिल्यापासून म्हणजे खरंच पहिल्यापासून. अमेरिकेतली कॉलेजा-कॉलेजांमधली पहिली स्पर्धा म्हणून जी मानतात ती १८५२ सालची हार्वर्ड विरुद्ध येल बोटींची शर्यत, न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी तलावावर झालेली. ती भरवली कोणी, तर एका रेल्वे कंपनीने. तिच्या लाइनवर प्रवासी वाढावेत म्हणून कंपनीने पोरांचा येण्याजाण्याचा, राहण्याखाण्याचा खर्च उचलला. थोडक्यात पहिलीच मॅच स्पॉन्सर्ड होती.

पुढे फुटबॉल आलं (तिकडचं, हातात बॉल घेऊन धडका मारायचं) आणि ते इतकं रानटी होतं की पोरं मैदानात मरायला लागली. १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना बोलावून आवरा म्हणून सांगितलं, आणि त्या सगळ्यातून १९०६ मध्ये जी संघटना उभी राहिली तीच पुढे एनसीएए झाली, कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी देशभरची संघटना. म्हणजे जन्म झाला तो खेळाडूंचा जीव वाचवायला. पण सोबत एक नियम चिकटला, की कॉलेजचा खेळाडू हौशी असला पाहिजे, खेळाचा एक पैसा त्याने घ्यायचा नाही.

हा हौशीपणा इंग्लंडच्या उमरावांकडून आला. तिकडे हेन्लीच्या बोटींच्या शर्यतीत १८७९ च्या नियमाप्रमाणे कारागीर, मजूर यांना भागच घेता येत नव्हता, कारण हातांनी काम करून पोट भरणारा माणूस हौशी कसा असेल. ज्याच्या घरी आधीच पैसा आहे त्यालाच परवडणारी ही कल्पना, आणि ती अमेरिकेतल्या गरीब घरच्या पोरांवर लादली गेली. जिम थॉर्प हा मूळनिवासी खेळाडू, १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकून आला, आणि त्याआधी उन्हाळ्यात बेसबॉल खेळून किरकोळ पैसे घेतले होते एवढ्यावरून दोन्ही पदकं काढून घेतली. ऑलिंपिक समितीने त्याला पुन्हा एकमेव विजेता म्हणून मान्यता दिली ती २०२२ मध्ये, तो जाऊन जवळपास सत्तर वर्षं झाल्यावर.

नियम कागदावर होता, प्रत्यक्षात चोरून पैसे दिले जातच होते. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने मोठा अहवाल काढला, त्यात खेळाडूंना आमिषं दाखवणं, छुपे पगार, खोट्या नोकऱ्या, सगळं आहे. १९४८ मध्ये एनसीएएने कडक नियमावली आणली, तर १९५० मध्ये ती मोडणाऱ्या सात कॉलेजांना हाकलायला पुरेशी मतंच पडली नाहीत, आणि लगेच पुढच्या वर्षी ती नियमावलीच रद्द केली. मग १९५६ पासून खेळासाठी स्कॉलरशिप द्यायला रीतसर परवानगी मिळाली. फी, राहणं, जेवण, पुस्तकं. पगार म्हणून काही नाही.

आणि याच सुमाराची एक गोष्ट आहे जी मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त टोचते. कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस या छोट्या कॉलेजकडून रे डेनिसन नावाचा माणूस खेळायचा, आधी सैन्यात होता, लग्न झालेलं, लेकरं होती. १९५५ मध्ये मॅचमध्ये डोक्याला मार लागून तो गेला. त्याच्या बायकोने कामावर मृत्यू झाला म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, त्यामुळे हा कर्मचारी नव्हता, त्यामुळे काही मिळणार नाही. त्या काळात अशा केसेस यायला लागल्या होत्या आणि एनसीएएचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी खेळाडूंसाठी ‘विद्यार्थी-खेळाडू’ असं एक नाव रूढ केलं, सगळ्या कागदपत्रांत तेच वापरायचं म्हणून सांगितलं, का तर कोर्टाने कर्मचारी म्हणू नये. हा आरोप नाहीये, बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच हे लिहून ठेवलं, आणि उतारवयात ते खेळाडूंना त्यांचा वाटा द्या म्हणणाऱ्यांच्या बाजूला गेले.

‘फुटबॉलच्या धंद्यात नाही’ हे वाक्य डोक्यात ठेवून पुढचं बघा. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने टीव्ही हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली आणि कॉलेजं, त्यांचे गट आपापली डीलं करायला मोकळे झाले, तिथून पैशाचा नळ फुटला. एनसीएएच्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेचं २०१० चं टीव्ही डील १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरचं होतं. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणूस बसतो, म्हणजे आपली तीन वानखेडे भरतील. अलाबामा विद्यापीठाचे फुटबॉल कोच निक सेबन यांना वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर पगार होता. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये कोचला काढलं तर करार मोडल्याबद्दल त्याला देणं निघालं साधारण ७ कोटी ६० लाख डॉलर, काम *न* करण्याचे.

आणि खेळाडूंचं काय चाललं होतं? जेरेमी ब्लूम, कोलोरॅडोचा फुटबॉलपटू आणि त्याच वेळी ऑलिंपिक स्कीअर. स्कीइंगमध्ये पगार नसतो, स्पॉन्सर असतात, त्यावरच सरावाचा खर्च चालतो. एनसीएए म्हणाली स्पॉन्सर घेतलेस तर फुटबॉल बंद, तो कोर्टात गेला, २००४ मध्ये हरला आणि त्याचं कॉलेज फुटबॉल संपलं. जॉर्जिया विद्यापीठाचा फुटबॉलपटू ए. जे. ग्रीन, २०१० मध्ये त्याने स्वतःची जर्सी हजार डॉलरला विकली म्हणून चार मॅचची बंदी, आणि त्याच दिवसांत त्याच्याच नंबरच्या जर्सी विद्यापीठाच्या दुकानात विकायला होत्या. सेंट्रल फ्लोरिडाचा किकर डोनाल्ड डे ला हे, यूट्यूबवर व्हिडिओ टाकायचा, त्यातून थोडे पैसे यायचे. २०१७ मध्ये त्याला दोनातलं एक निवडायला लावलं, त्याने चॅनेल सोडलं नाही, स्कॉलरशिप गेली. कॉलेजातला गाणारा पोरगा अल्बम काढू शकत होता, चित्र काढणारी मुलगी चित्र विकू शकत होती, फक्त खेळाडूला स्वतःचं नाव विकायची बंदी.

बांध फुटायला सुरुवात झाली ती एका व्हिडिओ गेममुळे. एड ओबॅनन, यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या १९९५ च्या विजेत्या बास्केटबॉल टीमचा हिरो, नंतर साधी नोकरी करत होता. मित्राच्या घरी गेला तर मित्राचा मुलगा कॉलेज बास्केटबॉलची गेम खेळत होता, आणि स्क्रीनवर यूसीएलएचा एक खेळाडू, टक्कल, डावखुरा, नंबर ३१. नाव कुठेच नाही, पण तो तोच. कोणी विचारलं नाही, कोणी पैसे दिले नाहीत. २००९ मध्ये त्याने केस टाकली, २०१४ मध्ये जज क्लॉडिया विल्किन यांनी निकाल दिला की हे नियम स्पर्धा कायद्याच्या विरोधात आहेत. वरच्या कोर्टाने तो थोडा छाटला, पण तडा गेलाच. गेम बनवणाऱ्या ईए स्पोर्ट्स कंपनीने कॉलेजच्या गेम बंद केल्या, त्यातली फुटबॉलची परत आली २०२४ मध्ये, आणि या वेळी खेळाडूंना प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक कॉपी मिळाली.

मग कॅलिफोर्निया. सिनेटर नॅन्सी स्किनर यांचं बिल, की राज्यातल्या कॉलेजांनी खेळाडूला नाव, छबी, ओळख यातून कमाई करण्यापासून अडवायचं नाही. यालाच तिकडे एनआयएल म्हणतात. असेंब्लीत विरोधात एकही मत नाही. एनसीएएने गव्हर्नरना पत्र लिहून हे घटनाबाह्य आहे म्हणून सांगितलं, तरी ३० सप्टेंबर २०१९ ला गॅव्हिन न्यूसम यांनी सही केली, तीही लेब्रॉन जेम्सच्या कार्यक्रमात बसून. मग बाकीच्या राज्यांना भीती, आपली चांगली पोरं तिकडे गेली तर? फ्लोरिडाने तर आपला कायदा १ जुलै २०२१ पासूनच लावायचं ठरवलं.

इथे एनसीएएकडे जवळजवळ दोन वर्षं होती. नियम बनवता आले असते, की एजंट कोण असेल, करार कुठे नोंदवायचा, खरी जाहिरात कशाला म्हणायचं, कॉलेजला देणग्या देणाऱ्यांचा पैसा कसा चालेल. संसदेने आम्हाला वाचवावं म्हणून वाट बघण्यात ते दिवस गेले. २१ जून २०२१ ला अल्स्टन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ९-० ने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. ती केस शिक्षणाशी जोडलेल्या फायद्यांची होती, जाहिरातींची नव्हती, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं लिहिलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही, आणि ते वाचून संघटनेची हवाच गेली. ३० जूनला, म्हणजे अगदी आदल्या दिवशी, एक तात्पुरतं धोरण काढलं आणि १ जुलैला दार उघडलं. माझ्या मते सगळा पुढचा गोंधळ इथे पेरला गेला.

पहिल्या दिवशीची बातमी फुटबॉलची नव्हती हे लोक विसरतात. फ्रेस्नो स्टेटच्या कॅव्हिंडर जुळ्या बहिणींनी, बास्केटबॉलपटू, एका मोबाइल कंपनीशी करार केला आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला त्यांचा फोटो झळकला. मुलींसाठी हे फार मोठं झालं, कारण त्यांना प्रो लीगमध्ये पैसाच नव्हता. आयोवाच्या केटलिन क्लार्कला कॉलेजात असतानाच नाइकी, स्टेट फार्म, गेटोरेड मिळाले आणि डब्ल्यूएनबीएमध्ये (मुलींची प्रो बास्केटबॉल लीग) गेल्यावर २०२४ चा पहिला पगार होता ७६,५३५ डॉलर! त्याच वर्षी मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलची फायनल १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी बघितली, पुरुषांची सुमारे १ कोटी ४८ लाखांनी, आणि असं पहिल्यांदाच घडलं. पुरुषांमध्येही फरक पडला, एनबीए ड्राफ्टसाठी, म्हणजे प्रो टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यासाठी, कॉलेज पूर्ण न करता लवकर नाव देणारे २०२१ मध्ये साडेतीनशेच्या वर होते, २०२५ मध्ये १०६. पोरं थांबतायत, कारण आता थांबणं परवडतं.

बिघडलं ते दुसऱ्या बाजूला. कॉलेजच्या श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी पैसे गोळा करून कलेक्टिव्ह काढले, नाव जाहिरातीचं, काम मात्र खेळाडू आणायचं आणि धरून ठेवायचं. त्यातच २०२१ पासून एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बसून राहायची अट गेली, २०२४ पासून कितीही वेळा बदलता येतं. दर सीझनला बोली लागल्यासारखं झालं. जेडन रशाडा या क्वार्टरबॅकने (फुटबॉलमध्ये टीमचं आक्रमण चालवणारा खेळाडू) २०२४ मध्ये केस टाकली, की फ्लोरिडाला यायचं म्हणून १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचं आश्वासन दिलं आणि नंतर हात वर केले. युनिव्हर्सिटी ऑफ नेव्हाडा, लास व्हेगासचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका तीन मॅच जिंकून भर सीझनमध्ये निघून गेला, कारण त्याच्या बाजूच्या म्हणण्याप्रमाणे तोंडी कबूल केलेले एक लाख डॉलर आलेच नव्हते, कॉलेजने हे नाकारलं. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, तोंडी वचनं, आणि कुठेही नोंद नाही. यात पोरांना लोभी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं, कोच सीझन संपायच्या आधी दुसरीकडे जातात तेव्हा त्याला करिअर म्हणतात.

६ जून २०२५ ला त्याच जज विल्किन यांनी हाऊस केसमधला समझोता मंजूर केला. ग्रँट हाऊस हा अ‍ॅरिझोना स्टेटचा स्विमर, त्याच्या नावाने ही केस. २०१६ पासूनच्या खेळाडूंना मागची भरपाई सुमारे २८० कोटी डॉलर, दहा वर्षांत वाटून, आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. शिवाय ६०० डॉलरच्या वरचं बाहेरचं प्रत्येक डील तपासणीला जाणार. चार वर्षं आधी हवं होतं ते आत्ता.

पण हा पैसा कुठून तरी काढायचाय आणि तो बहुतेक फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जाणार. भरपाईच्या वाटपात मुलींवर अन्याय होतोय म्हणून काही खेळाडू मुलींनी लगेच अपील केलं. कॅल पॉलीने मार्च २०२५ मध्ये स्विमिंग-डायव्हिंग बंद केलं, कारणांत हाच समझोता सांगितला. पेनसिल्व्हेनियातलं सेंट फ्रान्सिस, मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत खेळलं आणि काही दिवसांतच खालच्या डिव्हिजनला जायचा निर्णय जाहीर केला, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते. केस स्विमरच्या नावाची आणि पहिली झळ स्विमिंगला, हे वाचून वाईट वाटतं. तरी माझं म्हणणं तेच, की पोरांचे पैसे बंद करणं हा यावर उपाय नाही, कोचचे पगार आणि करार मोडायच्या रकमा आधी बघा.

आणि एक गट अजून दाराबाहेरच आहे, आपल्याकडून जाणारी पोरं त्यातच येतात. टेनिससाठी भारतातून अमेरिकन कॉलेजात जायची वाट जुनी आहे, सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ ला एकेरीचा विजेता झाला, पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. ही पोरं एफ-१ स्टुडंट व्हिसावर असतात आणि त्या व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करायला जवळपास बंदी आहे, त्यामुळे शेजारी सराव करणारा अमेरिकन पोरगा रॅकेटच्या कंपनीची जाहिरात करू शकतो आणि पुण्याचा पोरगा केली तर व्हिसाच धोक्यात. काँगोचा ऑस्कर शिब्वे, केंटकीचा स्टार, २०२२ मध्ये टीम बहामाला गेली तेव्हा तिथे त्याने जाहिरातींचं शूटिंग उरकलं, कारण अमेरिकेच्या हद्दीबाहेर ते चालत होतं. कोर्टात एनसीएए हरली तरी व्हिसाचा नियम तसाच राहतो, तो बदलायचा तर वॉशिंग्टनमधूनच, आणि मुलाला तिकडे पाठवायच्या आधी आईबाबांनी कोचला पहिल्याच कॉलवर स्पष्ट विचारावं, की फी-राहणं-जेवण यात नक्की किती टक्के स्कॉलरशिप आहे, कारण त्याच्या बाबतीत तेवढाच आकडा खरा आहे.