रांग : जागतिक प्रदर्शनातली आणि जत्रेतली

एकाच गोष्टीसाठी आलेल्या माणसांनी आल्या क्रमाने उभे राहणे म्हणजे रांग. देवदर्शन, एस.टी.चे तिकीट, दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर चढणाऱ्या गाड्या ही तिची रूपे कोकणात नेहमीची आहेत. पंढरपूरकडे देवळातल्या रांगेला दर्शनबारी म्हणतात. सिंधुदुर्गात नुसते रांग किंवा लाइन. या नोंदीत तिचा विचार दोन ठिकाणी केला आहे : देशोदेशींची दालने असलेली आणि लाखोंनी माणसे जमतात ती आंतरराष्ट्रीय प्रदर्शने, आणि मालवण तालुक्यातल्या मसुरे गावच्या आंगणेवाडीत भरणारी भराडी देवीची जत्रा. दोन्हीकडे पाहण्याचा क्षण लहान आणि वाट पाहणे मोठे असते.

जागतिक प्रदर्शनांची परंपरा १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये सुरू झाली असे मानतात. साडेपाच महिन्यांत तेथे सुमारे ६० लाख लोक आले. आरंभीचे दर चढे होते. मेच्या अखेरीस सोमवार ते गुरुवार एका शिलिंगात प्रवेश मिळू लागला, तेव्हा कामकरी माणसे रेल्वेने लंडनला लोटली. पिंजऱ्यात ठेवलेल्या कोहिनूरपाशी मोठी दाटी होई, आणि इतके रेटारेटीत उभे राहूनही पुष्कळांची निराशा होई, कारण हिरा लोकांच्या कल्पनेइतका चमकत नव्हता. पुढच्या वर्षी, १८५२ मध्ये, त्याला नव्याने पैलू पाडले गेले. पुढे या प्रदर्शनांसाठी १९२८ चा आंतरराष्ट्रीय करार झाला. आज ती पॅरिस येथील कार्यालयाच्या देखरेखीखाली साधारण पाच वर्षांनी भरतात आणि सहा महिन्यांपर्यंत चालतात.

रांगेचे नाव घेतले की जपानमधल्या ओसाकाचा उल्लेख टाळता येत नाही. १९७० च्या ओसाका प्रदर्शनाला ६ कोटी ४२ लाख भेटी झाल्या. अमेरिकेच्या दालनात अपोलो १२ मोहिमेने आणलेला चंद्रावरचा दगड ठेवला होता. हाताच्या मुठीत मावेल एवढ्या त्या दगडासाठी माणसे तासन्‌तास उभी राहत. ५ सप्टेंबर १९७० या एका दिवशी ८,३५,८३२ लोक आत आले. परतीची वाहने अपुरी पडली आणि हजारोंना रात्र मैदानातच काढावी लागली. शांघायने २०१० मध्ये हा आकडाही मागे टाकला. तेथे सहा महिन्यांत ७ कोटी ३० लाख लोक आले आणि १६ ऑक्टोबरला एका दिवसात १० लाखांहून अधिक. सौदी अरेबियाच्या दालनाबाहेर आठ-नऊ तासांची रांग लागत असे. प्रत्येक दालनाचा शिक्का उमटवून घेण्याची पुस्तिका तेथे इतकी लोकप्रिय झाली, की काहीजण दालन न पाहता केवळ शिक्क्यासाठी रांग लावत. या लोकांना हसण्याचे कारण नाही. आपण येऊन गेलो याची खूण हाती असावी ही इच्छा यात्रेकरूच्या अंगाऱ्याइतकीच जुनी आहे.

२०२५ मध्ये ओसाकातच, युमेशिमा या कृत्रिम बेटावर, १३ एप्रिल ते १३ ऑक्टोबर या काळात पुन्हा प्रदर्शन भरले. ‘रांग न लावता पाहायचे प्रदर्शन’ अशी संयोजकांची घोषणा होती. प्रवेशाची वेळ आधी ठरवायची, दालनांसाठी दोन महिने आधी सोडत, मग सात दिवस आधी पुन्हा सोडत, असा क्रम होता. तरीही प्रवेशद्वाराशी आणि नावाजलेल्या दालनांपुढे रांगा लागल्याच. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याला हे समजावून सांगावे लागत नाही. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते आणि कोकणात जाणाऱ्या गाड्या काही मिनिटांत भरून जातात. खिडकीपुढची रांग दिसेनाशी झाली, पण ती मोबाइलच्या पडद्यामागे तशीच उभी असते. फक्त आपल्यापुढे किती जण आहेत हे आता मोजता येत नाही. हा तोटा लहान समजू नये. ओसाकाच्या संयोजकांनी एक गोष्ट मात्र फार समजून केली : सुमारे दोन किलोमीटर घेराचे प्रचंड लाकडी कडे उभारले. त्याच्याखाली ऊन-पावसात उभे राहता येई, चालता येई, टेकता येई.

रांगेचे गणित साधे आहे. डेन्मार्कचे ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या गर्दीवरून या शास्त्राचा पाया घातला. अमेरिकेचे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम असा : रांगेतली सरासरी माणसे म्हणजे माणसे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा सरासरी थांबण्याचा वेळ. उदाहरणार्थ, एका खेळाला ३०० माणसे घेणारे दालन २० मिनिटांनी खेळ करत असेल, तर तासाला ९०० माणसे आत जातात. बाहेर ३,६०० उभी असतील तर शेवटच्या माणसाला चार तास लागणार. हे दारावर फलकाने सांगितले तर माणूस ठरवू शकतो. माणसाला सांगितलेल्या चार तासांपेक्षा न सांगितलेले दोन तास जास्त जाचतात. नागमोडी रांगेत माणूस पुढे सरकताना दिसतो, म्हणून ती सरळ रांगेपेक्षा सुसह्य वाटते.

आंगणेवाडीला हे सारे एका वाडीच्या आकारात पाहायला मिळते. जत्रेची तारीख पंचांगात नसते. शेतीची कामे आटोपल्यावर ग्रामस्थ देवीचा कौल घेऊन दिवस ठरवतात, बहुधा फेब्रुवारी-मार्चमधला. तारीख जाहीर झाली की मुंबईतल्या चाळींपासून गोव्यापर्यंत फोन सुरू होतात, जादा रेल्वेगाड्या सुटतात, कणकवली, कुडाळ, मालवणहून एस.टी. धावतात. भरडावरच्या मोकळ्या माळावर बांबूंचे कठडे बांधून अनेक रांगा काढतात. ओटीचे ताट, खण-नारळ हातात, मूल कडेवर, आणि मागच्याला सांगणे : ‘जागा सांभाळ हां, मी आत्ताच येतंय.’ ही जागा सांभाळणारी माणसे एकमेकांना आदल्या क्षणापर्यंत ओळखत नसतात. ‘तुम्ही खंयचे?’ या प्रश्नाने सुरुवात होते, गावाचे, मग वाडीचे, मग नात्यातल्या कोणाचे तरी नाव निघते, आणि गाभाऱ्याशी पोचेपर्यंत दोन घरांची ओळख झालेली असते. प्रदर्शनाच्या रांगेत हे क्वचित घडते, कारण तेथे सगळे परके आणि हातात मोबाइलचे पडदे. जत्रेची रांग लांब असूनही लोक दरवर्षी तिच्यात उभे राहायला येतात, त्यामागे ही ओळखही आहे.

रात्री आंगणे कुटुंबांतल्या स्त्रिया घरी मौन पाळून शिजवलेल्या नैवेद्याची ताटे देवीपुढे आणतात. हा ‘ताटे लावण्या’चा विधी चालू असताना दर्शन थांबवतात. एवढा मोठा जनसमुदाय त्या वेळी मुकाट उभा राहतो. का थांबलो हे प्रत्येकाला ठाऊक असते, म्हणून कोणी कुरकुरत नाही. मान्यवरांसाठी रांग अडवली की मात्र लगेच कुजबूज उठते, आणि ती रास्तच असते.

सर्वांत दुर्लक्षित रांग परतीची. १९७० मध्ये ओसाकाला तीच चुकली. २०२५ मध्येही १३ ऑगस्टच्या रात्री मेट्रो बंद पडल्याने सुमारे ३०,००० माणसे बेटावर अडकली. आंगणेवाडीत दर्शन झाल्यावर खाज्याची पुडी घेतलेली, चपलांत माती गेलेली माणसे माळावरच्या तात्पुरत्या एस.टी. स्थानकावर जमतात. तेथे वाहतूक नियंत्रक हातात कागद घेऊन गावांची नावे ओरडत असतो, आणि ज्या गाडीचे नाव त्याच्या तोंडून निघते तिच्या दाराशी नवी रांग धरली जाते.