कंपवात

मेंदूतील डोपामीन हे रसायन कमी पडल्याने हालचाली मंदावत नेणारा चेतासंस्थेचा विकार, पार्किन्सन रोग. नाव कंपावरून पडले, तरी निदानाला आवश्यक लक्षण मंदपणा हे आहे. काही रुग्णांचे हात कधीच थरथरत नाहीत.

प्राचीन उल्लेखांबाबत मतभेद आहेत. चरकसंहितेतील ८० वातविकारांत ‘वेपथु’ (थरथर) येतो. माधवनिदान या रोगनिदानावरील आयुर्वेदीय ग्रंथात (बहुधा इ. स. ७ वे-८ वे शतक) सर्वांगाच्या व डोक्याच्या कंपाला हीच संज्ञा आहे. काही अभ्यासक वेपथु म्हणजेच पार्किन्सन रोग मानतात. परंतु डोके हलणे हे ‘एसेन्शियल ट्रेमर’ या वेगळ्या, बहुधा आनुवंशिक विकारात अधिक आढळते. त्यामुळे वेपथु ही अनेक कंपांची मोट असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा हे या रोगावरील आजचे प्रमुख औषध असते, एवढ्यावरून रोगाची ओळख ठरत नाही. ज्यांचे नाव रोगाला मिळाले, त्या जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांचे वर्णन केले. त्यांतील काही त्यांनी केवळ रस्त्यात पाहिलेले होते.

दोन्ही कंपांतील फरक घरीही दिसतो. चहाची बशी उचलताना हात कापला, तर बहुधा एसेन्शियल ट्रेमर. हात मांडीवर स्वस्थ असताना अंगठा व तर्जनी तंबाखू मळल्यासारखी हलू लागली (सेकंदाला सुमारे ४ ते ६ वेळा) आणि बशी उचलताच ती थांबली, तर कंपवाताचा संशय घ्यावा. अक्षर बारीक होत जाते. निवृत्तिवेतनधारकाची सही बँकेत जुळेनाशी होते.

मेंदूत खोलवर असलेले बेसल गँग्लिया हे पेशींचे पुंजके हालचालींना सतत ब्रेक लावून असतात. हवी ती हालचाल सुटी करण्याचे काम डोपामीन करते. ते पुरवणाऱ्या, मध्यमेंदूतील सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या काळसर पेशी मरत गेल्या की ब्रेक सुटत नाही. उरलेल्या पेशींत अल्फा-सायन्यूक्लीन प्रथिनाचे गोळे साचतात. ते कारण की परिणाम, हे वादग्रस्त आहे. बहुसंख्य रुग्णांत एकच एक कारण दाखवता येत नाही. काही मनोविकारांवरील व चक्कर थांबवणाऱ्या औषधांनीही अशीच लक्षणे दिसतात, पण ती बहुधा औषध बंद केल्यावर ओसरतात.

उपचारांत लेव्होडोपा प्रमुख. डाळ, दूध यांतील प्रथिने त्याच्या शोषणात आड येतात, म्हणून गोळी जेवणापूर्वी घेतात.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण व कुटुंबीयांचा स्वमदत गट आहे. नर्तक हृषीकेश पवार यांनी येथे रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले. चालताना पाय जमिनीला खिळलेला रुग्ण ठेक्यावर किंवा फरशीवरच्या रेघेवर पाऊल टाकू शकतो.