पाणाड्याची तार आणि सर्व्हेची सळई

बोअर घ्यायची ठरली की जागा दाखवायला दोन प्रकारची माणसं येतात. एक पाणाड्या, त्याच्या हातात पाणी शोधायला बेचक्याची फांदी नाहीतर काटकोनात वाकवलेल्या दोन तारा; दुसरा सर्व्हेवाला, त्याच्याकडे चार सळया, वायरची भेंडोळी आणि एक पेटी. शेवटी दोघंही ‘इथे घ्या’ म्हणतात, म्हणून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं.

रेझिस्टिव्हिटी सर्व्हेत, म्हणजे जमीन विजेला किती अडवते हे मोजताना, सळया जमिनीत ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोघींमधला व्होल्टेजचा फरक मोजायचा. बाहेरच्या सळया लांब लांब नेत गेलं की प्रवाह खोल उतरतो आणि खालच्या थरांचा अंदाज येतो. अखंड कातळ विजेला जास्त अडवतो, पाणी मुरलेला भेगाळ खडक कमी. पण चिकणमाती आणि खारं पाणीही कमीच अडवतात, त्यामुळे सर्व्हे करूनही बोअर फसू शकते. मात्र आकडे कागदावर राहतात आणि दुसऱ्या जाणकाराला ते तपासता येतात.

पाणाड्याची तार खरंच फिरते, बहुतेक जण नाटक करत नसतात. सैल धरलेली तार मनगट जरासं कललं तरी वळते आणि ते कलणं धरणाऱ्यालाही कळत नाही. अशा नकळत हालचालींचं स्पष्टीकरण विल्यम कार्पेंटर या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1852 मध्येच दिलं होतं. जर्मनीत कासेल इथे 1990 मध्ये 30 पाणाड्यांची परीक्षा झाली. 50 सेंटिमीटर खोल पुरलेल्या पाइपातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच सांगायचं होतं. निकाल छापा-काटा केल्यासारखा आला.

मग त्यांनी दाखवलेल्या जागी पाणी लागतं कसं? भूजल बऱ्याच ठिकाणी खडकाच्या भेगांत आणि मातीच्या कणांमध्ये दूरवर पसरलेलं असतं, पुरेसं खोल गेलं की कुठेतरी लागतंच. शिवाय मुरलेला पाणाड्या झाडं, उतार, ओढ्याचं वळण पाहत चालतो. माझ्या मते अशा माणसाच्या हातातली तार काढून घेतली तरी त्याचा सल्ला तितकाच चालेल.

लपवलेल्या वस्तूंच्या बाबतीत मात्र तार आणि मोजणारं यंत्र सारखंच समजण्याचा हा घोळ जिवावर बेतला. ‘एडीई 651’ नावाचं उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकच्या तपासनाक्यांवर वापरलं गेलं. मुठीवर मोकळी फिरणारी अँटेना, म्हणजे पाणाड्याची तारच. विकणाऱ्याला 2013 मध्ये ब्रिटनमध्ये 10 वर्षांची कैद झाली. मेटल डिटेक्टर वेगळा: त्याच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र धातूत प्रवाह निर्माण करतं आणि तो टिपला की यंत्र वाजतं, धरणाऱ्याचे डोळे बांधलेले असले तरी.