कॅल्साइट आणि ॲरागोनाइट: फॉर्म्युला एकच, मग दाबाखाली फरक कुठे पडतो?

दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, दोन्हींवर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसणार, त्यामुळे लोक सर्रास एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव घेतात. पण कार्बन पृथ्वीच्या पोटात कसा जातो हे समजून घ्यायचं असेल तर हा फरक माहीत हवाच.

आधी एक गैरसमज काढून टाकू. चुनखडी उघड्यावर ९०० अंशांच्या आसपास तापवली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना उरतो, त्यामुळे वाटतं की जमिनीखाली एवढ्या उष्णतेत कार्बोनेट टिकणारच नाही. पण तिथे वरून प्रचंड दाब असतो, वायूला सुटायला जागाच नसते, म्हणून खनिज फुटत नाही. स्कॉटलंडच्या जेम्स हॉल यांनी १८०५ च्या सुमारासच हे दाखवून दिलं, त्यांनी खडूची पूड बंदुकीच्या नळीत ठासली, तोंड बंद केलं आणि भट्टीत तापवली, तर चुना न होता संगमरवरासारखा दगड निघाला! मला हा प्रयोग प्रचंड आवडतो.

आता मूळ फरक. दोन्हींत कार्बनभोवती तीन ऑक्सिजनचा सपाट त्रिकोण असतो, पण कॅल्साइटमध्ये कॅल्शियमला ६ ऑक्सिजन शेजारी असतात आणि ॲरागोनाइटमध्ये ९, म्हणजे तिथे दाटी जास्त. घनता २.७१ आणि २.९३. दाब वाढला की कमी जागा घेणारी रचना टिकते, म्हणून खोलवर ॲरागोनाइट. साध्या तापमानाला हवेच्या दाबाच्या तीन-चार हजार पट दाब पुरतो, पण ६०० अंशांना दहा हजार पटीच्याही वर लागतो, म्हणूनच जिथे समुद्रतळाची थंड प्लेट खाली घुसते तिथे ॲरागोनाइट सहज तयार होतो. कॅलिफोर्नियाच्या फ्रान्सिस्कन खडकांत तो आजही सापडतो, कारण ते खडक फार न तापता वर आले, तापले असते तर त्याचा परत कॅल्साइट झाला असता.

मग शिंपल्यांचं काय? तिसऱ्यांच्या (म्हणजे क्लॅमच्या) शिंपल्या ॲरागोनाइटच्या आणि कालवांच्या बहुतेक कॅल्साइटच्या, समुद्र तोच, आणि दाबाचा काही संबंध नाही. कुठली रचना बनवायची हे तो जीवच आपल्या प्रथिनांनी ठरवतो. त्यामुळे ॲरागोनाइट दिसला म्हणजे तो खोलातूनच आला असं अजिबात धरू नका.

उलटही होतं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांनी १९३९ मध्ये कॅल्साइट न तापवता दाबला तर पंधरा हजार पटीच्या आसपास त्याचा ॲरागोनाइट न होता तिसरंच रूप झालं, ज्याला आता कॅल्साइट-२ म्हणतात. अणूंना मोठी फेररचना करायला उष्णताही लागते, नुसता दाब पुरत नाही.

त्याहून खाली चार लाख पट दाबाला ॲरागोनाइटही मोडून अजून दाट रचना होते, आणि मँटलच्या (पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थराच्या) तळाशी, तेरा लाखांच्या आसपास, त्या त्रिकोणाच्या जागी चार ऑक्सिजनचा चौफलक येतो. अर्थात हे शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचं झालं, प्रत्यक्ष मँटलमध्ये आजूबाजूला मॅग्नेशियमचे सिलिकेट असतात, त्यांच्याशी अदलाबदल होऊन कार्बोनेट बहुतेक मॅग्नेसाइटच्या, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटच्या, रूपात उरतो.

हातातला खडा ओळखायचा तर ॲसिडचा नाद सोडा, तो तुटतो कसा ते बघा, कॅल्साइट तीन बाजूंनी तिरक्या गुळगुळीत ठोकळ्यांत फुटतो, ॲरागोनाइट तसा फुटत नाही. आणि बारीक कण असेल तर सरळ रामन स्पेक्ट्रम (लेझर टाकल्यावर विखुरलेल्या प्रकाशाचा आलेख) काढा, दोघांच्या रेषा वेगळ्या येतात.