वासरू, ढग आणि चार घरांची वही

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत होमविधी आटोपला की सोलापुरात भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात. त्याच्या पुढ्यात धान्य, गूळ, गाजर, बोरं, पान-सुपारी मांडतात. त्याने काय हुंगलं, कशाला तोंड लावलं, ते बिथरलं का, मुतलं का, यावरून वर्षाचं पाऊसपाणी सांगितलं जातं. मी देव मानत नाही, तरी आत्याबरोबर दरवर्षी जातो. एवढी माणसं एका वासराच्या ओल्या नाकपुडीकडे टक लावून उभी असतात, ते मला चुकवायचं नसतं.

परतताना आत्या हमखास म्हणते, "त्या साली मुतलं होतं, आठवतंय का? पडला की नाही पाऊस?"

पडला होता. पण मुतलं आणि पाऊस दडी मारून बसला, अशी सालं कुणाच्या तोंडी येत नाहीत. 1960 साली पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने लोकांना 2, 4, 6 हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितलं. तुम्ही आणखी आकडे सुचवायचे, तो बसतात की नाही एवढंच सांगणार. बरेच जण 8, 10, 12 अशा, आपल्या अंदाजाला धरूनच आकडे विचारत राहिले. नियम होता नुसता चढता क्रम. 1, 2, 17 विचारलं असतं तर अंदाज तिथल्या तिथे कोसळला असता. आपलं म्हणणं पाडायला जाणं माणसाच्या अंगात नाही, माझ्याही नाही.

त्याच पावसाचा दुसरा प्रयोग याच सोलापुरावर झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात इथे विमानं उडवली. आपण घाटाच्या पाठीमागच्या पर्जन्यछायेत. ढग येतात, रेंगाळतात, न बरसता पुढे जातात. त्यातले कण इतके बारीक की पावसाचा एक थेंब व्हायला तसे सुमारे 10 लाख कण एकत्र यावे लागतात. म्हणून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळायच्या. क्षाराचे कण ओल ओढून घेतात, मोठे थेंब लवकर तयार होतात आणि पडता पडता लहानांना गिळत जातात.

पण पाऊस पडला तर तो क्षारामुळेच कशावरून? तो ढग तसाही बरसणार असेल तर? एकच ढग दोनदा वापरता येत नाही. शिवाय कुठल्या ढगात फवारायचं हे माणसावर सोडलं, तर तो भरलेले ढगच निवडणार आणि मग पाऊस मोजून खूश होणार. थोडक्यात, आत्याचीच चूक, फक्त विमानातून. म्हणून ती निवड नाणेफेकीसारखी नशिबावर सोपवली. काही ढगांत फवारलं, काही नुसते तपासून सोडून दिले. खाली शेतं तहानलेली आणि वर भरलेला ढग हात न लावता जाऊ द्यायचा! मला हे फार अवघड व्रत वाटतं. 276 ढगांच्या या अभ्यासातून निघालं ते असं: वाऱ्याच्या दिशेने पुढच्या सुमारे 100 चौरस किलोमीटरमध्ये सरासरी 18 टक्के जास्त पाऊस. दुष्काळ यातून हटत नाही आणि प्रत्येक ढग दादही देत नाही, हेही संशोधकांनीच सांगितलं.

"मग अडीअडचणीला तू धरतोस काय रे?" आत्याचा हा प्रश्न मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. 2010 साली समाजशास्त्रज्ञ लिम आणि राज्यशास्त्रज्ञ पटनम यांनी अमेरिकेतल्या माणसांचा अभ्यास केला. नियमाने प्रार्थनेला जाणारे जास्त समाधानी होते, पण ते मुख्यतः तिथे जोडलेल्या मित्रांमुळे. मित्र नसतील तर नुसत्या जाण्याचा फारसा फरक दिसेना. गर्दीत माझा दंड घट्ट धरून चालणारी आत्या आठवली की मला ते पटतं.

यंदा तिला वही दिली, चार घरं आखून: सांगितलं-पडला, सांगितलं-नाही पडला, नाही सांगितलं-पडला, नाही सांगितलं-नाही पडला. अट एकच, चांगला पाऊस कशाला म्हणायचं ते आधी ठरवायचं. मी मिलिमीटर काढत बसलो होतो. तिने चष्मा पुसला.

"मिलिमीटर कशाला? हस्त बरसला, शाळू पेरता आला, तर चांगला. लिही."

लिहिलं. शाळूची पेर ज्याला त्याला शिवारात दिसते, नंतर फिरवता येत नाही. माझ्या मिलिमीटरपेक्षा तिची कसोटी बरी होती.