एका गुणाकारातला केऑस

मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. ० आणि १ यांच्यामधली एखादी संख्या घ्या. ती १ मधून वजा करा, आलेल्या उत्तराला मूळ संख्येने गुणा आणि मग एका ठरावीक गुणकाने. जे येईल त्यावर पुन्हा हीच कृती करा.

परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट मे यांनी १९७६ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात या सूत्रावर लेख लिहिला. मूळ संख्या म्हणजे किड्यांची या वर्षीची संख्या (कमाल संख्येचा किती भाग, या हिशेबाने), गुणक म्हणजे त्यांच्या वाढीचा वेग. गर्दी वाढली की अन्न कमी पडतं, म्हणून ती १ मधली वजाबाकी. शाळेतल्या मुलालाही जमेल असं हे गणित विद्यार्थ्यांना लवकर दाखवा, असा मे यांचा आग्रह होता आणि तो मला आजही पटतो.

गुणक २.८ घेतला तर सुरुवात कुठूनही करा, आकडे ०.६४३ च्या आसपास येऊन थांबतात. ३.२ घेतला तर ते ०.५१३ आणि ०.७९९ यांच्यात आलटूनपालटून फिरत राहतात. ३.५ ला चार आकड्यांचं चक्र, मग आठ, सोळा... आणि ३.५७ च्या जवळ चक्र दिसेनासंच होतं.

आता गुणक ४ घ्या. एकदा ०.२ पासून सुरुवात करा, एकदा ०.२००१ पासून. पहिल्या काही पायऱ्यांत दोन्ही उत्तरं हातात हात घालून चालतात. दहाव्या पायरीला एक ०.१४८, दुसरं ०.२४९. तेराव्या पायरीला एक जवळजवळ शून्य, तर दुसरं ०.७४! यात नशिबाचा खेळ कुठेच नाही, प्रत्येक पायरी नियमाने बांधलेली आहे. पण लहानसा फरक दर पायरीला सरासरी दुप्पट होतो. म्हणून सुरुवातीचं मोजमाप हजारपट अचूक केलं, तरी अंदाज फार तर दहा पायऱ्या पुढे सरकतो. किती मेहनत आणि किती थोडी कमाई! हवामानाचा लांबचा अंदाज इतका अवघड का, याचं मर्म इथे आहे.

याच गोंधळात, म्हणजे केऑसमध्ये, भौतिकशास्त्रज्ञ मिचेल फायगेनबॉम यांना १९७५ मध्ये एक शिस्त सापडली. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ते साध्या प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरवर काम करत होते. यंत्र संथ, त्यामुळे चक्रातले आकडे पुढच्या वेळी कोणत्या गुणकाला दुप्पट होतील याचा अंदाज ते आधीच बांधत. त्यातून लक्षात आलं, की लागोपाठच्या दुपटींमधलं अंतर दर वेळी सुमारे ४.६६९ पटीने कमी होतं. सूत्र बदलून साइनचं घेतलं, तरी आकडा तोच! पुढे भौतिकशास्त्रज्ञ आल्बेर लिबशाबेर यांनी द्रव हेलियम खालून तापवून प्रयोग केला, तेव्हा त्याच्या प्रवाहातही अशीच दुपटींची मालिका दिसली.

हे सगळे गुणक आणि त्यांची उत्तरं आलेखावर मांडली की फांद्या फुटत गेलेलं चित्र तयार होतं. त्यातली एक फांदी मोठी करून पाहिली तर तिच्यात पुन्हा तेच पूर्ण चित्र दिसतं. हाच फ्रॅक्टल. गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉट यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रसिद्ध संचही (प्रतलावरच्या बिंदूंची एक आकृती) याच सूत्राचा जवळचा नातलग आहे: त्याच्या मधल्या आडव्या रेषेवरचे बिंदू आपल्या गुणकांशी जुळतात. गुणक ३ ला पहिली दुप्पट होते, तिथे संचाच्या हृदयाकृतीला पहिलं वर्तुळ टेकतं. गुणक ३.८३ च्या आसपास केऑसच्या मधोमध अचानक तीनच आकड्यांचं चक्र उगवतं. संचात नेमक्या त्याच जागी त्याची एक चिमुकली प्रतिकृती बसलेली आहे.